समोरच्या घराची चावी

चिपळूण, सोमवार, 22 जुलै 2024

पहाटेपासून धो धो. तारीख तीच, म्हणून कान जरा जास्तच बाहेर.

2021 साली याच दिवशी वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या बाजारात शिरल्या. त्यात भरती, पाण्याला उतरायला वावच नाही. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आमच्याकडे वर आली. अकरा माणसं, एक तान्हं बाळ. लाईट नाही, रेंज नाही. दुपारी सिलिंडरही संपला.

समोरच्या वहिनी लेकाकडे पुण्याला गेलेल्या. चावी आमच्याकडे होती, पण ती तुळशीला पाणी घालण्यापुरती. "विचारणार कसं? फोन लागतोय का?" हे म्हणाले आणि कुलूप उघडलं. सिलिंडर, पाच किलो तांदूळ, पिण्याच्या पाण्याचा कॅन, दूध पावडर. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडते तिथेच सगळं लिहून ठेवलं.

रात्री मेणबत्ती आणायला मी एकटीच परत गेले. फडताळात काजूगरांचा डबा होता. अंधारात उभ्या उभ्या दोन मुठी खाल्ले. पोटात भात होता, भूक नव्हती. का खाल्ले? भीतीने असेल. यादीत मात्र घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. बाजारात चिखलच चिखल. एका दुकानाचं शटर वाकलेलं, तिथून दोन पोरं भिजलेले बिस्किटांचे पुडे उचलत होती. "चोर लेकाचे!" आमच्यातलाच एक जण ओरडला. त्याच्या पोटात वहिनींचा भात. मी मान डोलावली. आमच्याकडे चावी होती ना!

मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेलं नुकसान गुन्हा ठरत नाही, असं दंडसंहितेचं कलम 81 सांगायचं. याच महिन्यापासून नव्या न्याय संहितेत ते 19 झालं. वाचताना मला तांदूळ आठवत नाहीत, काजू आठवतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, त्यांना आपण संत म्हणतो. पण पंतांनी अंधारात स्वतःसाठी मूठभर उचलल्याची कथा नाही.

वहिनी आल्या तेव्हा मी यादी वाचून दाखवली. भरलेला सिलिंडर त्यांनी ठेवून घेतला, तांदळाचे पैसे काही घेतले नाहीत. "अगं, खायलाच असतं ते!" मग चहा टाकला आणि बशीत काजूगर काढले. डबा अर्धा रिकामा होता. त्यांनी झाकण लावलं आणि बशी माझ्याकडे सरकवली.