भाकरी, चपाती आणि ‘माहीत नाही’

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत दर शनिवारी संध्याकाळी आमचा एआयचा क्लास असतो. समाजमंदिराची खोली, एक जुना लॅपटॉप, माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट आणि आठवी ते अकरावीची चौदा-पंधरा पोरं. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कसा लिहायचा ते शिकवू असं आधी ठरवलेलं, पण ते बऱ्याच जणांना येतच होतं, निबंध तर सर्रास चॅटबॉटकडून लिहून घेतात.

मग गूगलचं टीचेबल मशीन उघडलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कॅमेऱ्यासमोर वस्तू धरायच्या, नाव द्यायचं, की ते शिकतं. त्यात दोन डबे केले, म्हणजे फोटोंचे दोन गट, एकाला नाव दिलं भाकरी आणि दुसऱ्याला पोळी. लगेच मागून आवाज, "ताई, आमच्यात चपाती म्हणतात." बदललं. आणि तिथेच थांबून बोललो, की मशीनला नाव कोण देतं, आणि ज्याच्या घरात वेगळं नाव आहे त्याचं काय होतं. हा मुद्दा माझ्या नोट्समध्ये नव्हता, पोरांनी आणला.

ज्वारीची भाकरी ओळखली, चपाती ओळखली. मग एका पोरीने तिच्या खाण्याच्या डब्यातून नाचणीची काढली तर चपाती म्हणालं, आणि कुणीतरी चप्पल धरली तर नव्वदच्या वर टक्के भाकरी! सगळे हसले, पण ती पोरगी हसली नाही, ती म्हणाली, ताई हे माहीत नाही असं का म्हणत नाही? कारण आपण तो डबाच दिला नव्हता, दोनच दिले, मग शंभर टक्के त्या दोघांतच वाटायचे. एवढं एक कळलं ना, तर मला वाटतं अर्धा अभ्यासक्रम झाला.

मग त्यांना चेहऱ्यांची गोष्ट सांगितली. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, गोऱ्या पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत. "म्हणजे नाचणीची भाकरी," एक जण म्हणाला. मला वेगळं काही समजवावंच लागलं नाही. या वस्तीचा पत्ता सांगितला की समोरच्याचा आवाज कसा बदलतो हे या पोरांनी पाहिलेलं असतं, त्याला बायस म्हणतात, हा शब्द तेवढा नवीन.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला फोटोंवर, आणि जायलाच हवा. २०२५ च्या सप्टेंबरात एआयकडून आपला साडीतला फोटो बनवून घ्यायचा तो ट्रेंड आला तेव्हा पोरींनी स्वतःचे टाकलेच पण मैत्रिणींचे, बहिणींचेही टाकले, न विचारता. प्रायव्हसीचे धडे लिहिणारे धरून चालतात की प्रत्येकाचा स्वतःचा मोबाईल आहे. इथे घरात एकच, दिवसा आईकडे, रात्री दादाकडे, पासवर्ड सगळ्यांना माहीत. आणि कुणी आपल्या फोटोचं काही घाणेरडं बनवलं तर सांगणार कुणाला, घरी सांगितलं की आधी मोबाईल बंद, मग क्लास बंद, कदाचित शाळाही. म्हणून १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन नंबर पाठ करून घेतले, आणि पोरांसमोर स्पष्ट बोलले की एखादीचा तसा फोटो बनवणं ही चेष्टा नाही, गुन्हा आहे. खोलीत एकदम शांतता. मला वाटतं काही जणांनी तसं बघितलेलं असणार.

शेवटी एक चांगली गोष्ट सांगितली. २०२० मध्ये एक संशोधन आलं, मशीनला मराठी बोलणं शिकवता यावं म्हणून ३६ जणांनी मिळून १०९ तास मराठी बोलणं रेकॉर्ड केलं होतं, त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते तसे गावातले आणि शहरातले कमी कमाईचे लोकही होते, आणि त्यांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. "पैसे दिले का त्यांना?" हा पहिला प्रश्न. दिले होते, कमाईची सोय व्हावी हा त्यामागचा एक हेतूच होता. मग दुसरा प्रश्न आला की आपण रोज मोबाईलवर जे बोलतो-टाकतो त्याचे पैसे कोण देतं, त्यावर पाऊण तास चर्चा झाली, आईंचे फोन यायला लागले तेव्हा उठलो.

पुढच्या शनिवारी तिसरा डबा करायचाय, ‘माहीत नाही’ नावाचा. चप्पल, भिंत, हात, वही, जे दिसेल ते त्यात टाकायचं. नाचणीच्या दहा तरी भाकऱ्या लागतील, त्या पोरीने तिच्या आईला विचारलंय.