शनिवार-रविवारचा आरसा : १५० मिमी, एफ/८, आजवरची प्रगती

निवृत्तीनंतर दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला की पहिला मोह होतो तो रोज घासण्याचा. वेळ हाताशी असतोच. पण या कामात काच आणि पिच (पॉलिशसाठी लागणारी डांबरासारखी राळ) दोघेही माणसाला थांबवतात, आणि न थांबणाऱ्याचा आरसा बिघडतो. म्हणून या आरशासाठी नियम ठरवला आहे: काचेला हात फक्त शनिवारी आणि रविवारी. मधले पाच दिवस भांडी-ब्रश धुणे, नोंदी, टेस्टरचे (आरशाचा आकार तपासणाऱ्या साधनाचे) स्क्रू, वाचन. नोकरी करणारी मित्रमंडळी आणि शाळेतली नातवंडे याच दोन दिवशी मोकळी असतात, त्यामुळे टेस्टरजवळ दुसरी डोळ्यांची जोडी मिळते. फिगरिंगमध्ये, म्हणजे आरशाला अचूक आकार देण्याच्या शेवटच्या टप्प्यात, तिची किंमत कळते.

आकार का हा? २५ मिमी जाडीची १५० मिमीची बोरोसिलिकेट काच जेमतेम एक किलो भरते. ३० मिमी जाडीची २०० मिमीची काच दोन किलोंच्या पुढे जाते आणि तासाभरात खांदा बोलू लागतो. शिवाय १२०० मिमी फोकल लेंथच्या (एफ/८, म्हणजे व्यासाच्या आठपट) न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, दुर्बीण डोक्यावर रोखली तरी आयपीस खुर्चीवर बसून गाठता येते. साधी खिडकीची काच चालते का, असे बरेच जण विचारतात. चालते, पण उष्णतेने ती बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्येक चाचणीआधी जास्त वेळ थांबावे लागते.

पहिला टप्पा : खड्डा

टूल (ज्यावर आरसा घासायचा ती तबकडी) डेंटल स्टोनचे, म्हणजे दंतवैद्यांच्या कडक प्लास्टरचे, वर इपॉक्सीने चिकटवलेल्या २५ मिमीच्या, ग्लेझ नसलेल्या सिरॅमिक फरश्या. डेंटल स्टोनला सगळीकडून इपॉक्सीचा हात मारून घ्यावा, नाहीतर पुढे त्याचे कण सुटून ओरखडे पडतात. काचेची कड कार्बोरंडमच्या दगडाने पाण्याखाली घासून २-३ मिमी रुंद तिरकी करायची. खडबडीत घासताना ही तिरकी कड झिजत जाते, ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. धारदार कडेची कपची उडाली की ती थेट आरसा आणि टूल यांच्यामध्ये जाते.

८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर अर्धा चमचा, वर थोडे पाणी, आरसा वर आणि टूल खाली. आरशाचा मध्य टूलच्या कडेवरून जाईल असे जीवेसारखे स्ट्रोक, थोड्या स्ट्रोकनंतर आरसा एका बाजूला आणि टूल दुसऱ्या बाजूला थोडे फिरवायचे. करकर आवाज मऊ झाला की दाणे चुरले असे समजावे, धुऊन नवी पावडर घ्यावी. एवढ्या आरशाला पाव किलो पुरते. पावडर कोरडी उडू देऊ नये, फुफ्फुसांना ती वाईट. गाळ मोरीत ओतू नये, पाइपात तो दगडासारखा बसतो. बादलीत खाली बसू द्यावा आणि कोरडा करून कचऱ्यात टाकावा.

खोली किती हवी? त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची (फोकल लेंथच्या दुप्पट, इथे २४०० मिमी) दुप्पट. ७५ चा वर्ग ५६२५, भागिले ४८००, म्हणजे १.१७ मिमी. आरशावर पोलादी पट्टी आडवी ठेवून मध्यभागी १.२ मिमी ड्रिल बिटचा दांडा सरकवून पाहायचा. जेमतेम अडकला की खड्डा झाला. तिथून पुढे मध्यावरून मध्यावर, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे स्ट्रोक. त्याने पृष्ठभाग गोलीय होतो. काचेवर मार्करने जाळी काढून दोन-तीन मिनिटे घासावे. रेषा सगळीकडे सारख्या पुसल्या तर दोन्ही पृष्ठभाग नीट टेकताहेत.

दुसरा टप्पा : १२० ते ५ मायक्रॉन

१२०, २२०, ३२०, ५००, मग १२ आणि ५ मायक्रॉन ॲल्युमिनियम ऑक्साइड. इथे सांगण्यासारखे थोडेच आहे. दहापट भिंगाखाली आधीच्या ग्रिटचे (घासण्याच्या पावडरीचे) खळगे दिसेनासे होईपर्यंत पुढे जायचे नाही, आणि फोकल लेंथ टिकवण्यासाठी आरसा-टूल आलटून पालटून वर ठेवायचे. एका शनिवार-रविवारी एकच ग्रिट, फार तर दोन. आठवडाभराच्या अंतराचा खरा फायदा इथेच: टेबलावरचे कागद बदलले जातात, नखांचा ब्रश आणि अंगावरचे कपडे धुतले जातात. ३२० मध्ये ८० चा एक दाणा शिरला की तीन पायऱ्या मागे. बारीक ग्रिटमध्ये पाणी कमी पडले तर आरसा टूलला घट्ट चिकटतो. उचकटायचा नाही. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून कडेला लाकडी ठोकळा लावावा आणि आडवा ढकलावा.

तिसरा टप्पा : पिच लॅप

लॅप म्हणजे पिचचा थर दिलेले टूल, पॉलिश त्यावर होते. बहुतेक आरसे इथे रखडतात. ६ मिमी जाडीच्या थराला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पिच लागते, सांडलवंड धरून दोनशे ग्रॅम घ्यावी. मंद आचेवर, उघड्या ज्वाळेपासून दूर वितळवावी आणि झाकण हाताशी ठेवावे. पेटली तर पाणी नाही, झाकण. टूलभोवती कागदी पट्टीची भिंत करून ओतायची, किंचित घट्ट झाली की साबणाचे पाणी लावलेला कोमट आरसा वर दाबायचा. काच थंड असेल तर तडकते, म्हणून ती आधी कोमट पाण्यात ठेवावी.

मग सुमारे २५ मिमीचे चौकोन पडतील असे चर. लॅपचा मध्य चौकोनाच्या मध्यावर किंवा चरांच्या चौकात येता कामा नये. तसा आला तर आरशावर त्याच अंतरांवर वर्तुळाकार कडी उमटतात आणि ती घालवताना नाकी नऊ येतात. पिचचा कडकपणा खोलीच्या तापमानासोबत बदलतो. अंगठ्याचे नख बेताने दाबले असता सावकाश खूण उमटावी. कपची उडाली तर पिच कडक आहे, टर्पेंटाइनचे थेंब घालून पुन्हा वितळवावी; नख लोण्यासारखे रुतले तर मऊ.

सेरियम ऑक्साइड (पॉलिशची पावडर) पाण्यात दुधाइतके पातळ. प्रत्येक बैठकीआधी आरसा लॅपवर ठेवून वर वजन देऊन १५-२० मिनिटे दाबून घ्यायचे. ही पाऊण चहाची वेळ कुणालाच नको असते, पण न दाबलेला लॅप आरशाला ठिकठिकाणीच टेकतो आणि पृष्ठभाग खवल्यांचा होतो. पॉलिश पूर्ण झाले का, हे लेझर पॉइंटर सांगतो: पृष्ठभागावरचा ठिपका जिथे अजून उजळ दिसतो तिथे खळगे उरले आहेत. कड सर्वांत शेवटी चमकते. परावर्तित किरण डोळ्यांत जाऊ देऊ नये.

चौथा टप्पा : फिगरिंग, सध्या इथे

लेऑं फूकोने १८५८ मध्ये मांडलेली सुरीधार चाचणी अजून याच कामाला येते. आरशापासून २४०० मिमीवर बारीक फटीतला एलईडी आणि शेजारी ब्लेड; परतणारा प्रकाश ब्लेडने अडवून आरशावरच्या सावल्या पाहायच्या. मोतिबिंदूमुळे किंवा चष्म्यामुळे सावल्या नीट दिसत नसतील तर ब्लेडमागे मोबाइलचा कॅमेरा स्टँडवर लावावा. फोटो साठवले की आठवड्यांची तुलनाही होते.

काम किती उरले, याचा अंदाज असू द्यावा. एफ/८ ला हवा असलेला पॅराबोला आणि त्याला सर्वांत जवळचा गोल यांच्यात जास्तीत जास्त फरक ०.०७ मायक्रॉन, तोही मध्यापासून सुमारे ५३ मिमीवर. (एफ/१० घेतला असता तर गोलीय आरसाच चालून गेला असता. पहिला आरसा करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.) एवढ्या बारीक मापात हाताची ऊबही दिसते. अंगठा काचेवर मिनिटभर ठेवला तर टेस्टरमध्ये तिथे टेकडी उभी राहते. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच-सात मिनिटे काम, आरसा रात्रभर स्टँडवर, चाचणी रविवारी सकाळी. घाईने त्याच रात्री चाचणी करणारा आरशाऐवजी उष्णता मोजत असतो.

दिवा आणि ब्लेड एकत्र सरकणाऱ्या टेस्टरवर मध्य आणि कड यांसाठी ब्लेडच्या जागेत १.१७ मिमी फरक हवा. खोलीचाच आकडा पुन्हा आला, कारण सूत्र तेच आहे. मध्यापासून ६७.५ मिमीच्या क्षेत्रासाठी हवे ०.९५, सध्याचे माप ०.६०, म्हणजे गोलाकडून पॅराबोलाकडे सुधारणा त्रेसष्ट टक्के. याच ठिकाणी थांबले तरी तरंगलाटेतली चूक हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाच्या आसपास राहते. तेवढ्यात कुणाचेही ग्रह-चंद्र बिघडत नाहीत.

पुढे जायचे तर धोका कडेचा आहे. लांब डब्ल्यू स्ट्रोक (इंग्रजी डब्ल्यूसारखे नागमोडी), मऊ पिच आणि कडेवर पडणारा बोटांचा भार या तिन्हींमुळे कड खाली वळते, आणि वळलेली कड ताऱ्याभोवती धुके करते. रॉंकी जाळीच्या (टेस्टरमध्ये लावायच्या समांतर रेषांच्या जाळीच्या) रेषा आज कडेपर्यंत सरळ बाहेर जाताहेत, टोकाला वाक नाही. म्हणून बेत असा: येत्या शनिवारी लॅपचे चर पुन्हा मोकळे करून २० मिनिटे दाबणे, बोटे आरशाच्या मध्यावर ठेवून व्यासाच्या चार पंचमांश लांबीचे डब्ल्यू स्ट्रोक चार मिनिटे, नंतर एक तृतीयांशचे दोन मिनिटे. रविवारचे माप ०.८० च्या पुढे गेले आणि कड तशीच राहिली तर आरसा ॲल्युमिनियमच्या थरासाठी रवाना. कड वळायला लागलेली दिसली तर पॅराबोला विसरून छोट्या स्ट्रोकने आधी कड सरळ करणे.