केळ्याला थंडी वाजते तेव्हा

जानेवारीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नाही. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. फडताळातलं शेंगदाणा तेल मात्र खुशाल वाहत असतं. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं (तेलातल्या कार्बनांच्या लांब साखळ्या) संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, सरळसोट. कडब्याच्या पेंढीसारखी एकमेकांना चिकटून बसणारी. शेंगदाणा तेलातल्या बहुतेकांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, आणि बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी घट्ट होत नाही. स्टिअरिक आणि ओलिइक ही दोन्ही मेदाम्लं १८ कार्बनांचीच; पहिलं सुमारे ६९ अंशांना वितळतं, दुसरं १३ ला. फरक एवढ्याशा बाकाचा!

फ्रिजमधलं केळं काळं पडतं त्यामागेही हाच बाक. पेशीचं पटल, म्हणजे तिचं आवरण, हे फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे दोन थर: डोकी बाहेर पाण्याकडे, मेदाम्लांच्या शेपट्या आत, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. केळ्याचं दुखणं शेपट्यांतच आहे. त्यांची मिसळण उष्ण हवेला बेतलेली. १३ अंशांच्या खाली पटलाचे काही तुकडे थिजू लागतात, काही पातळ राहतात, आणि सांध्यांतून गळती सुरू होते. रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीत, कोंडलेली फिनॉल नावाची रसायनं बाहेर येतात, विकर (एन्झाइम) आणि ऑक्सिजन यांच्या तावडीत सापडतात. साल तपकिरी, मग काळी.

गव्हाला थंडीशी जुळवून घेणं जमतं. थंडी हळूहळू वाढत गेली तर तो पटलात बाकदार शेपट्यांचं प्रमाण वाढवतो. स्टेरॉल नावाचे मेदरेणूही पाचरीसारखे मध्ये बसून उन्हाळ्यात पटल फार सैल पडू देत नाहीत, थंडीत फार घट्ट रचू देत नाहीत. (प्राण्यांत हे काम कोलेस्टेरॉल करतं, बिचाऱ्याचं नाव उगाच फक्त रक्ताच्या रिपोर्टात निघतं.) केळीला मात्र एवढी जुळवाजुळव साधत नाही. म्हणून जळगावकडे पारा उतरला की बागेवर ‘चरका’ येतो, पानं पिवळी पडतात, घड रखडतो; शेतकरी रात्री पाणी देतात, बांधावर धूर करतात.

घरी केळी फ्रिजबाहेरच बरी. पूर्ण पिकलेली आत ठेवलीच, तर साल काळवंडते, पण गर दोन-तीन दिवस चांगला राहतो. हिरवी फणी मात्र आत ठेवू नये. नंतर बाहेर काढली तरी ती धड पिकत नाही.