खानाचे बंद उजवीकडे

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘शाळेने मला काय दिलं’ यावर दोन पानं लिहून पाठवा म्हणाले. इंग्रजीच्या सरांबद्दल, कवायतीबद्दल, स्कॉलरशिपच्या जादा तासांबद्दल बाकीचे लिहितीलच. माझी दोन्ही पानं शिवणाच्या बाईंवरच संपणार आहेत, हे संपादकांना आधीच सांगून ठेवतो.

आपल्या वेळी मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. आठवीत पहिल्याच महिन्यात पटाशी माझ्या अंगठ्यात घुसली आणि सरांनी मला चिंधी बांधून घ्यायला सभागृहामागच्या त्या अरुंद खोलीत पाठवलं. पाच पायमशिनी, त्यांतल्या चालू तीन. बाईंनी अंगठा बांधला आणि म्हणाल्या, “आता आलाच आहेस तर एवढी सुई ओवून दे की.” बाईंना जवळचं दिसायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी आपणहून गेलो. दिवाळीपर्यंत धावदोरा, उलटी टीप आणि तुरपाई हाताला बसली होती आणि वर्गात माझं नाव ‘शिंपी’ पडलं होतं. वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना यात गैर काही वाटलं नाही. “मी विणतो, हा शिवतो,” एवढंच म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. १९७९ चं स्नेहसंमेलन. आमच्या नववीने अफझलखानाच्या भेटीचा प्रवेश बसवला होता. एरवी कपडे ड्रेसवाल्याकडून भाड्याने यायचे, पण त्या वर्षी वर्गणी कमी पडली. बाई म्हणाल्या, “दोन अंगरखे ना? आपण शिवू की.” ‘आपण’ म्हणजे त्या आणि मी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

फेंट्सच्या (कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या) दुकानातून मांजरपाट आणला. निम्मा हिरव्या रंगात बुडवून वाळवला, तो खानाचा. महाराज होणारा मुलगा आणि खान होणारा मुलगा अंगाने सारखेच (खानाच्या पोटाला उशी बांधायची होती), म्हणून वर्तमानपत्रावर खाका एकच काढला. माप घेताना बाईंनी महाराजांना दोन स्वेटर घालून उभं केलं. सोलापुरात, भर दुपारी. पोरगं घामाने निथळत होतं. बाई म्हणाल्या, “महाराजांनी आत चिलखत घातलं होतं. चिलखतावरचा अंगरखा अंगाला चिकटून बसेल का?” मग काखेतला तो चौकोनी तुकडा, चौबगला. तो तिरपा बसवला की हात डोक्यावर नेला तरी अंगरखा वर ओढला जात नाही. मला तो चार वेळा उसवावा लागला. तलवार उपसणाऱ्या माणसाच्या कपड्यातली सगळी हुशारी काखेत असते, हे मी तेव्हा शिकलो आणि आजही कुठला जुना अंगरखा पाहिला की माझी नजर आधी काखेत जाते. लोकांना ते विचित्र वाटतं.

अंगरख्याचे बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, बनवायची बाईंची रीत तर मी आजतागायत बदललेली नाही. पट्टीवर मधोमध सुतळी ठेवायची, पट्टी तिच्यावर दुमडायची, एका टोकाला सुतळीसकट टीप मारायची. मग सुतळीला धक्का न लावता लांबीची टीप घालायची आणि मोकळ्या टोकाकडून सुतळी ओढायची. पट्टी स्वतःच्या पोटातून सुलटी होऊन बाहेर येते. पहिल्यांदा ती तशी आली तेव्हा मी वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावून दाखवली होती. त्यांना ते महिनाभर आधीपासून येत होतं.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही अंगरखे खिळ्याला अडकवून मी ऐटीत उभा. बाई आल्या, चष्मा लावला.

“यातला खान कुठला?”

“हिरवा, बाई.”

“रंग राहू दे. बंद बघ.”

मला काही दिसेना. दोन्हीचे बंद डाव्या काखेखाली, नीट, एका ओळीत. तेव्हा बाईंनी सांगितलं की, त्या काळात मुसलमान सरदार जाम्याचे (लांब घेरदार अंगरख्याचे) बंद उजवीकडे बांधत आणि हिंदू डावीकडे. जुन्या लघुचित्रांतला माणूस कोण, हे ओळखायची ती एक खूणच. बाईंचे वडील एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायचे. हे सगळं त्यांना तिथून आलेलं.

माझ्या पोटात गोळा आला. अंगरख्याचा वरचा पल्ला रुंद, आतला अरुंद. बाजू बदलायची म्हणजे दोन्ही पल्ले नव्याने बेतायचे, आणि कापड तर संपलेलं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “कुणाला कळणार आहे, बाई?” त्यांनी उत्तर दिलं नाही. खानाचा अंगरखा खिळ्यावरून काढला आणि मोज्यासारखा उलटा केला. डावी बाजू उजवी झाली! मांजरपाटाला कुठे सुलट-उलट असते? बंद तेवढे उसवून नव्या बाहेरच्या अंगाला लावायचे, बस्स.

बस्स नव्हतं अर्थात. सगळ्या शिवणी आता बाहेर आल्या होत्या, दोऱ्यांच्या मिशांसकट. त्या एकेक दुमडून आम्ही तुरपाई करत बसलो. बाईंनी घरून एका विटक्या शालूचे जरीकाठ आणले आणि प्रत्येक शिवणीवर त्यांची गोट, म्हणजे किनार, चढवली. काखेत ती वळेना, म्हणून काख तशीच सोडली. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा गिरणीतून सुटलेले वडील मला न्यायला आले. दिव्याखाली तो हिरवा अंगरखा बघून ते म्हणाले, “हा तर महाराजांपेक्षा भारी झाला.” बाई म्हणाल्या, “खान होता तो. विजापूरहून आला होता. भारी असणारच.”

प्रवेशाच्या वेळी बाईंनी दोघांच्या उभं राहायच्या जागाही बदलल्या. समोरासमोर उभं राहिलं की महाराजांची डावी आणि खानाची उजवी बाजू एकाच अंगाला येते. ती प्रेक्षकांकडे हवी, म्हणजे दोघांचे बंद दिसतील. अर्थात ते एकाही माणसाला दिसले नाहीत. पत्र्याचं वाघनख मात्र गोटीत अडकलं आणि वीतभर जर उचकटून घेऊन बाहेर आलं. लोकांना वाटलं कोथळाच, टाळ्या थांबेनात. विंगेत बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “गोट गेली, शिवण टिकली.”

पुढे मी बँकेत लागलो, बदल्या झाल्या, सुई सुटली. १९९४ साली मुलीच्या फॅन्सी ड्रेससाठी पुन्हा हातात घेतली ती आजवर. सत्तावीस पोशाख झाले. विकत नाही, भाड्याने देत नाही. हौशी मंडळींनी मागितला तर देतो, पण बंद मी स्वतः बांधून देणार या अटीवर. बाहेरून दिसणारी एकही टीप मशीनवर घालत नाही. सध्या सवाई माधवरावांचा जामा चालू आहे. जेम्स वेल्सने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र काढलं, ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याची छापील प्रत समोर ठेवून चुण्या मोजतो. चित्रांची अडचण एकच, पाठ कुणी काढत नाही. पुढचा घेर, बंद, गळा सगळं मिळतं. पाठीची शिवण कुठून गेली ते आपलं आपण ठरवायचं. एकदा एका संग्रहालयात मी कपाटाच्या बाजूच्या काचेला गाल लावून जाम्याची पाठ बघत होतो, तर रखवालदाराने हाताला धरून बाहेर काढलं. पाठ दिसलीच नाही.

विजारीसाठी मश्रू वापरतो. वरून रेशीम, अंगाला लागतं ते सूत. रेशीम थेट अंगाला लागू न देण्याची ती जुनी मुसलमानी सोय, पण आपल्या उन्हाळ्यात त्या सोयीचा धर्म विचारायला कुणी जात नाही. घरच्यांना मात्र अजून कळत नाही की निवृत्त माणूस सकाळी सातला उठून कापडाच्या कडेला मगजी का लावत बसतो.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. शिवणाच्या खोलीत संगणक आहेत, चांगलंच आहे. मशिनी कुठे गेल्या विचारलं तर भंगारात म्हणाले. हल्ली पायमशिनीचे पाय हॉटेलांतल्या टेबलांना लावतात. आमचेही कुठल्यातरी टेबलाखाली असतील. संमेलनाचे फोटो भिंतीवर लावले होते. सगळे मावळे सॅटिनमध्ये आणि पाठीला चेन. एका फोटोत महाराजांची चेन उघडी होती. मी काही बोललो नाही. बाई असत्या तर बोलल्या असत्या, आणि ते तुम्हाला आवडलं नसतं.

त्यापेक्षा आपली गड्ड्याची जत्रा बरी. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत अख्खं गाव दिसतं. सहा जोड्या, बारा बंद. तिथे कुणी चेन लावून पाहावी! मी दर पौषात भाचे, पुतणे, शेजारी अशा पाच-सहा जणांच्या बाराबंद्या शिवतो.

१९९६ साली एक छोटी बाराबंदी बाईंच्या नातवासाठी पोस्टाने पाठवली होती. त्या तेव्हा लेकीकडे राहत. पंधरा दिवसांनी कार्ड आलं: “पोशाख मिळाला. चौबगला उत्तम. शेवटचा बंद पाव इंच खाली आला आहे. नातवाला कळत नाही, मला कळतं.” कार्ड मशीनच्या खणात आहे. बाई २००३ मध्ये गेल्या.

समितीने माजी विद्यार्थ्यांना प्रदर्शनासाठी जुन्या वस्तूही मागितल्या आहेत. खानाचा अंगरखा माझ्याकडेच आहे, तो आणतो. गोट काळी पडून केव्हाच गळून गेली आणि शिवणी आम्ही दोन्हीकडून इतक्या साफ केल्या होत्या की, आता त्याची आतली बाजू कुठली नि बाहेरची कुठली, हे बघून सांगता येत नाही. म्हणून टांगणाऱ्यांना एवढीच विनंती, बंद अंगरख्याच्या उजव्या काखेला, बाहेरच्या अंगाला हवेत. अंगरख्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. शंका आली तर मला फोन करा, मी येऊन टांगतो.