ट्रान्सफेरिन मोजताना: माझा अनुभव

जर्मनीत पोस्टडॉकला आले तेव्हा माझ्या वाट्याला ट्रान्सफेरिन आलं. रक्तातून लोह वाहून नेणारं हे प्रथिन, एका रेणूत लोहाच्या जागा दोनच. हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये ते अँटिबॉडी वापरून मोजतात, पण किट बदललं की आकडाही थोडा हलतो. आम्हाला हवा होता थेट लोहाचे अणू मोजून काढलेला आकडा.

पद्धत कागदावर सोपी दिसते. निसर्गातल्या लोहात 56 वस्तुमानाचे अणू 91.75 टक्के आणि 57 चे जेमतेम 2.12 टक्के असतात. मग 57 च्याच लोहाने भरलेलं ट्रान्सफेरिन (याला आम्ही स्पाइक म्हणतो) बनवायचं, नेमकं वजन करून सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, मिसळायचं आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, 56 आणि 57 चं गुणोत्तर बघायचं. पोत्यातल्या तांदळात मोजून रंगवलेले दाणे टाकावेत आणि मूठभर काढून हिशेब लावावा, तसंच. नीट मिसळल्यावर नमुना थोडा सांडला, थोडा कॉलमला (प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळीला) चिकटला, तरी गुणोत्तर तेच राहतं. या गुणावर मी फारच लवकर भाळले.

स्पाइक बनवायला मात्र मजा आली. 57 चं लोह म्हणजे काही मिलिग्रॅम करडी पूड, किमतीकडे बघून हात थरथरावा अशी. ती आम्लात विरघळवली आणि बायकार्बोनेट असलेल्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) रिकाम्या प्रथिनावर थेंबथेंब सोडली. बायकार्बोनेट नसेल तर ट्रान्सफेरिन लोह धरतच नाही. रंगहीन द्रावण हळूहळू फिकट गुलाबी झालं. त्या दिवशी लॅबमध्ये येईल त्याला मी ती कुपी दाखवत होते.

पहिला फटका लोखंडानेच दिला. पूर्ण भरलेल्या 1 मिलिग्रॅम ट्रान्सफेरिनमध्ये लोह असतं 1.4 मायक्रोग्रॅम, आणि कॉलम ज्यात बसतो त्या आमच्या क्रोमॅटोग्राफची सुई आणि नळ्या स्टीलच्या! कोऱ्या बफरलाही 56 वर ठसठशीत सिग्नल. त्यात आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून बनणारा आयनही नेमका 56 वरच येऊन बसतो. तो आयसीपी-एमएसच्या आतल्या सेलमध्ये हेलियम सोडून आवरला, पण स्टीलवर उपाय एकच: सगळी वाट प्लास्टिकची करणं. त्यात तीन आठवडे गेले.

त्यानंतर ज्याचं ट्रान्सफेरिन प्रमाणित केलेलं आहे असं संदर्भ सिरम मोजलं, तर आकडा कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी, आणि तेही तेवढंच कमी. मी वजनकाट्यावर संशय घेतला, हिवाळ्यातल्या कोरड्या हवेतल्या स्थिर विजेवर घेतला, शेवटी स्वतःच्या एक्सेल शीटवर.

शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याने एवढंच विचारलं, ‘तुझ्या स्पाइकमध्ये मोकळं लोह किती आहे?’

ते मी मोजलंच नव्हतं. मग एकच मिश्रण ताजं, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी असं तीनदा चालवलं. गुणोत्तर सरकत होतं, 57 वाढत होतं. निरोगी माणसाच्या सिरममधलं ट्रान्सफेरिन साधारण एक तृतीयांशच भरलेलं असतं. माझ्या स्पाइकमधलं प्रथिनात न बसलेलं, मोकळं 57 त्या रिकाम्या जागांवर जाऊन बसत होतं, आणि मी त्यालाही स्पाइकच समजत होते. रंगवलेल्या दाण्यांचा रंग ओला होता, तो साध्या दाण्यांनाही लागत होता.

मग सिरममधलं ट्रान्सफेरिन आधीच साध्या लोहाने पूर्ण भरून घेतलं. स्पाइक फिल्टरवर बफरने इतक्या वेळा धुतला की खाली उतरणाऱ्या पाण्यात 57 दिसेना. पीएच 7.4 च्या खाली जाऊ दिला नाही, कारण आम्लात हे प्रथिन लोह सोडायला लागतं. त्यानंतरचं मिश्रण रात्रभर ठेवलं. सकाळी गुणोत्तर जागचं हललेलं नव्हतं, आणि संदर्भ सिरमचा आकडा प्रमाणपत्रावरच्या मर्यादेत आला.

पहिल्या स्पाइकची कुपी अजून फ्रिजमध्ये आहे. रंग अगदी तसाच, छान गुलाबी.