लायटर पेट्रोलवाचून नाही, खड्यावाचून अडतो

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. मालवण असो की दापोली, मृगाचा पाऊस सुरू झाला की झाकणाच्या पेट्रोल लायटरबद्दल एकच प्रश्न येतो: ‘पेट्रोल भरलंय, वात नवी आहे, तरी पेटत का नाही?’ आणि विचारणाऱ्याने तोवर आणखी पेट्रोल ओतलेलं असतं. तसं करू नका. आधी नुसतं चाक फिरवून बघा.

ठिणगी भरपूर पडतेय पण ज्योत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा वातीचा. चाक फिरतंय आणि ठिणगीच नाही, तर खडा, म्हणजे चाकाखालच्या नळीत बसणारा ठिणगीचा तुकडा, संपलाय किंवा चाकाच्या दातांत त्याची भुकटी बसलीय; जुन्या कोरड्या टूथब्रशने दात घासा. चाक हलतच नसेल, तर खडा नळीत फुगलाय. आपल्याकडे पावसाळ्यात आधी संशय घ्यावा तो याचाच.

खडा म्हणतात, पण तो दगड नव्हे. लोखंड, सिरियम, लँथॅनम यांचा तो मिश्रधातू. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. घासला की त्याचे बारीक कण हवेत पेट घेतात, तीच ठिणगी. हवेशी इतकं सख्य असलेला धातू दमट हवेत स्वस्थ कसा बसेल? त्याला गंज चढतो, त्यात खारा वारा भर घालतो. गंजलेला खडा मूळ खड्यापेक्षा जास्त जागा घेतो आणि अडीच मिलिमीटरच्या नळीत घट्ट बसतो. रोज वापरातला खडा झिजत राहतो, त्याला एवढा वेळ मिळत नाही. कपाटात पडून राहिलेल्या लायटरचंच हे दुखणं.

अडकलेला खडा काढण्याआधी आतला भाग बाहेर काढून पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्या. खरवडताना ठिणगी पडू शकते, म्हणून ही पायरी कधीही गाळायची नाही. मग बुडाचा स्क्रू फिरवा, अंगठा त्यावर दाबून ठेवा. खालची स्प्रिंग दाबलेली असते, उडाली की सापडत नाही. स्प्रिंग निघाली की सरळ केलेल्या पेपरक्लिपने खडा टोकरा. नाहीच हलला, तर दोन मिलिमीटरचं ड्रिलचं पातं बोटांनी, हलक्या हाताने फिरवा. मशीन लावू नका, नळी फाटते. राखाडी भुकटी पडू लागेल. ती सगळी झटकून मगच नवा खडा, स्प्रिंग आणि स्क्रू. चाकाला तेल अजिबात नको, तेलकट खड्याची ठिणगी मरते.

वातीचं काम सोपं. टोक काळं पडलं की चिमट्याने तीन-चार मिलिमीटर वर ओढून काळा भाग कापा, जाळीच्या वरच्या कडेशी सपाट. वात लांब राहिली तर ज्योत धुरकट येते.

भरायला लायटरचंच पेट्रोल घ्या. पंपावरचं वास मारतं, काजळी धरतं. रॉकेल तर ठिणगीने नीट पेटतच नाही. आतल्या भागाच्या बुडाचा नमदा (लोकरीचा जाड तुकडा) उचलून थेंब थेंब सोडा, कापूस वर ओला दिसू लागला की थांबा. जास्त झालं तर खिशात झिरपतं आणि मांडीची कातडी भाजल्यासारखी लाल होते. भरल्यावर लायटर पुसा, हात कोरडे करा, दोन मिनिटं थांबा, मग पेटवा. न वापरताही पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत उडतं. झाकणाच्या फटीवर सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी चढवली तर ते जास्त टिकतं आणि खारी हवाही कमी शिरते.

समुद्रात पडलाच, तर सगळे भाग सुटे करून गोड्या पाण्यात दोनदा खळबळा. खडा फेकून द्या. कापूस पंख्याखाली वाळवा, चुलीजवळ नको. त्यात पेट्रोलचा अंश असतोच. बाहेरच्या पितळेवर हिरवा कळंक दिसला तर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, बिजागरी विसरू नका.

आणि पावसाळाभर लायटर वापरायचा नसेल, तर मेअखेरीस खडा काढून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, औषधाच्या डबीतली शोषक पुडी सोबत टाका. स्प्रिंग आणि स्क्रू नळीत परत बसवून ठेवा, म्हणजे गणपतीत हुडकत बसायला नको.