सिएटलकडची घरपट्टी आणि शाळेची ‘लेव्ही’

पुण्या-मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. तो लावावा का, हे आपल्याला कुणी विचारत नाही. सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात विचारतात, आणि दर काही वर्षांनी पुन्हा विचारतात.

शाळांचा मूळ खर्च राज्य सरकार उचलतं. पण सरकारी हिशेबात बसतात त्याहून जास्त नर्स, समुपदेशक किंवा खेळाचे प्रशिक्षक हवे असतील तर स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) लोकांकडे ‘लेव्ही’, म्हणजे घरपट्टीतून जाणारा जादा कर, मागावी लागते. ती फार तर ४ वर्षांची असते आणि साध्या बहुमताने मंजूर होते. इमारतीसाठीच्या बॉन्डला (कर्जरोख्यांना) मात्र ६० टक्के मतं लागतात. ५९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले तरी तो पडतो!

सगळ्यात मोठा गैरसमज दराचा. मत दराला नसतं, ठरलेल्या रकमेला असतं. समजा, डिस्ट्रिक्टमधल्या मालमत्तांचं मूल्य २० अब्ज डॉलर आणि लेव्ही ४ कोटींची. म्हणजे दर हजारी २ डॉलर आणि १० लाखांच्या घराला वर्षाला २,००० डॉलर. पुढच्या वर्षी सगळ्यांचंच मूल्य १० टक्क्यांनी वाढलं, तर दर १.८२ वर येतो आणि तुमचे २,००० तेवढेच राहतात. बाकीच्यांचं १० टक्क्यांनी आणि तुमचं एकट्याचं १५ टक्क्यांनी वाढलं तरच जवळपास ९० डॉलर जास्त जातात. ‘घराची किंमत वाढली, शाळेची चंगळ झाली’ हे म्हणून खरं नाही.

मतदान बहुधा फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी होतं. कारण सरळ आहे: पुढच्या वर्षी शिक्षकाला ठेवायचं नसेल तर साधारण १५ मेपर्यंत तसं कळवावं लागतं. फेब्रुवारीत लेव्ही पडली तर एप्रिलमध्ये आणखी एक संधी मिळते, वर्षात दोनच.

मतपत्रिका टपालाने घरी येते, परत पाठवताना तिकीट लावावं लागत नाही. लिफाफ्यावर सही करायला मात्र विसरू नका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी टपालपेटीत टाकलेल्या लिफाफ्यावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसला, तर मत बाद. त्यापेक्षा रात्री ८ च्या आत ड्रॉप बॉक्स (मतपत्रिका टाकायची पेटी) गाठावा.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि एच-१बी वाल्यांना हे मत नाही. घर असेल तर ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरचे हप्ते मात्र त्यांनाही चुकत नाहीत.